बिननावाचे लाकूड आणि साताऱ्यातील एक दांड्यांचे दुकान

साताऱ्यात तिरंदाजीचा विषय निघाला की आता बहुतेकांना अदिती स्वामी आठवते. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कंपाउंड प्रकारातले वैयक्तिक सुवर्णपदक तिने वयाच्या सतराव्या वर्षी जिंकले, आणि त्यानंतर माझ्या भाचीनेही घरात हट्ट धरून सराव सुरू केला. भाचीच्या धनुष्याला कप्प्या आहेत, नेम धरायला भिंग आहे, आणि त्याचे स्क्रू फिरवून जोर कमी-जास्त करता येतो. ते यंत्र हातात घेऊन पाहिल्यावर, सुट्टीच्या दिवशी रंधा-पटाशी घेऊन बसणाऱ्या माझ्यासारख्या पन्नाशी उलटलेल्या माणसाला एका अखंड लाकडातून साधे धनुष्य घडवून पाहावेसे वाटले. त्यापायी गेले वर्षभर शाहूपुरीच्या अंगाला असलेल्या एका दांड्यांच्या दुकानात माझ्या खेपा झाल्या. दुकानाला पाटी नाही आणि मालकांना नाव छापून यावे अशी हौस नाही, म्हणून नावाविनाच लिहितो.

आधी चुकलेल्या खरेदीविषयी सांगतो, कारण त्यावाचून या दुकानाचे महत्त्व कळणार नाही. मी पहिल्यांदा एका मोठ्या वखारीत गेलो आणि सागाची सहा फुटी, गुळगुळीत, सरळ दिसणारी पट्टी घेऊन आलो. पट्टी सरळ होती, पण तिच्यातले तंतू सरळ नव्हते. मशीनच्या करवतीला लाकडाच्या रेषेशी देणेघेणे नसते. ती आखलेल्या ओळीने कापत जाते, आणि तंतू तिरपे असतील तर ते पट्टीच्या कडेला येऊन तुटतात. धनुष्य ओढले की त्याच्या पाठीवर, म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूवर, ताण येतो आणि पोटाकडच्या, म्हणजे आपल्याकडच्या बाजूवर, दाब येतो. पाठीवरचा एखादा तंतू मध्येच संपला की तिथूनच चीर उघडते. माझे सागाचे धनुष्य वीस इंचांपर्यंत ओढताच मुठीच्या वर वीतभर अंतरावर मोडले, आणि मोडलेल्या जागी लाकूड लेखणीच्या टोकासारखे तिरपे सुटलेले होते. वखारीत जाऊन विचारले, तर दरवाजाच्या चौकटीला अशी तक्रार कधी आली नाही, असे उत्तर मिळाले. त्यांच्या दृष्टीने ते खरेही असेल.

दांड्यांच्या दुकानातला माल मुळातच निराळ्या रीतीने तयार होतो. येथे कुऱ्हाडीचे, कुदळीचे, टिकावाचे आणि खोऱ्याचे दांडे विकले जातात, आणि त्यातले निम्मे तरी करवतीने न कापता पाचर मारून फाडलेले असतात. ओंडक्याच्या तोंडाशी लोखंडी पाचर ठोकली की लाकूड स्वतःच्या रेषेनेच फाटत जाते. अशी फाडून निघालेली लांब पट्टी, म्हणजे फाळ, थोडी वाकडी निघते, पण तिच्यातला प्रत्येक तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतो. कुदळीचा दांडा दगडावर आपटूनही मोडू नये म्हणून लोकांनी ही रीत सांभाळली आहे, आणि धनुष्य करणाऱ्याला नेमके हेच हवे असते. दुकानाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अशा दहा-बारा लांब फाळी भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. त्यांतली एक मी उचलली, तिचे एक टोक फरशीवर टेकवून मधोमध गुडघ्याने दाबले, आणि ती दाबली तशी वाकून, सोडताच पुन्हा जागेवर आली.

झाड कोणते, असे विचारल्यावर मालकांनी माझ्याकडे जरा विस्मयानेच पाहिले. ते सत्तरीच्या आसपासचे आहेत आणि त्यांचे वडीलही हाच धंदा करीत. ते म्हणाले, “नाव कशाला पायजे, पाव्हणं? कुदळीनं आजवर कधी नाव इचारलं न्हाय. मेढ्याकडनं एकाच्या बांधावरनं आलंय, रानातलंच हाय, चिवट हाय, एवढं ठावं.” फाळीची किंमत त्यांनी ९०० रुपये सांगितली, मी ८०० म्हटले, आणि ८५० ला व्यवहार झाला. जानेवारीचा पहिला आठवडा होता.

आता नाव का हवे, याविषयी माझे म्हणणे थोडे सविस्तर मांडतो, कारण या मुद्द्यावर काकांशी, म्हणजे दुकानाच्या मालकांशी, माझा अनेकदा वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. एक धनुष्य करण्यापुरते बोलायचे तर त्यांचेच खरे आहे: फाळ चांगली फाटलेली, गाठीविना आणि नीट वाळलेली असेल, तर नाव ठाऊक नसल्याने तिचे काही बिघडत नाही. इंग्लंडचे मेरी रोझ हे लढाऊ जहाज १५४५ साली बुडाले आणि १९८२ साली वर काढले गेले. त्यात शेकड्याहून अधिक धनुष्ये मिळाली, ती सारी यू नावाच्या सूचिपर्णी झाडाची. ते झाड सह्याद्रीत नाही. आपल्याकडच्या भिल्लांनी पिढ्यान्‌पिढ्या बांबूची धनुष्ये वापरली आणि दोरीदेखील बांबूच्याच कामटीची लावली. म्हणजे लाकडाचे कुळ एकच असावे असा काही नियम नाही. परंतु नाव कळले की त्या झाडाबद्दल इतरांनी जे अनुभवले आहे ते आपल्या उपयोगी पडते, पुढच्या वर्षी तेच लाकूड मागता येते, आणि ते झाड तोडण्यास योग्य होते की नाही हे तपासता येते. शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मेढा जावळीत आहे, आणि जावळीचा डोंगर उतरला की कोयना अभयारण्याची हद्द फार लांब राहत नाही, आणि कोयना व चांदोली मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झालेला आहे. तिथली वाळकी फांदीसुद्धा आपण आणू शकत नाही. खाजगी मालकीच्या झाडांनाही महाराष्ट्रात १९६४ चा झाडतोड विनियमनाचा कायदा आहे. काकांकडे बांधावरच्या त्या तोडीचा परवानगीचा कागद होता आणि त्यांनी तो मागताक्षणी काढून दाखवला, ही गोष्ट या दुकानाच्या जमेच्या बाजूला मी ठळकपणे मांडतो. गंमत म्हणजे त्या कागदावरही झाडाच्या नावापुढे ‘इतर जंगली’ एवढेच लिहिलेले होते.

नुसत्या लाकडावरून ओळख पटवण्याचा प्रयत्न मी आधी केला. फाळीच्या आतल्या बाजूला लालसर तपकिरी नार, म्हणजे गाभ्याचे पक्के लाकूड, होती आणि बाहेर दोन-तीन बोटे पिवळट पांढरे लाकूड. उरलेल्या तुकड्यातून मी पाच सेंटिमीटर रुंद, तितकाच जाड आणि वीस सेंटिमीटर लांब असा ठोकळा काढला, तो पुरता वाळल्यावर वजन केले, तर ३९० ग्रॅम भरले. म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या वजनाच्या पाऊणपटीहून थोडे अधिक. लाकूड जड होते पण पाण्यात तरंगणारे होते. बाभळीपासून तिवसापर्यंत अनेक झाडे या वर्णनात बसतात. तोंडाकडचा भाग धारदार पात्याने तासून दहापट भिंगाखाली पाहिला. छिद्रे दिसली, बारीक किरणरेषा दिसल्या, पण त्यावरून नाव ठरवणे हे प्रयोगशाळेचे काम आहे, घरच्या टेबलाचे नव्हे.

सालीने थोडी अधिक माहिती दिली. फाळीच्या पाठीला चिकटून राहिलेली आतली साल ओढली तर तिच्या लांब, दोरीसारख्या चिवट पट्ट्या सुटत होत्या, आणि वाटीभर पाण्यात रात्रभर भिजत ठेवलेली पट्टी सकाळी भेंडीच्या पाण्यासारखी बुळबुळीत झाली होती. भेंडीची आठवण अगदीच गैरलागू नव्हती. धागेदार साल आणि चिकट रस ही भेंडीच्या कुळाची खूण आहे, आणि पूर्वी निराळे मानलेले धामण-फालशाचे कुळही आता त्याच मोठ्या कुळात धरतात. एवढ्याने गाव समजले होते, घर समजायचे होते.

त्यासाठी पाने हवी होती, आणि इथे दुकानाने जी मदत केली ती दांडे विकणाऱ्याकडून अपेक्षितच नव्हती. मार्चमध्ये काका आपल्या टेम्पोच्या फेरीबरोबर मला मेढ्याकडच्या त्या बांधावर घेऊन गेले. तोडलेल्या बुंध्यातून फुटवे आलेले होते आणि त्यांना तळहाताहून मोठी पाने होती. मी हर्षाने त्यांची छायाचित्रे घेतली आणि झाडे ओळखणाऱ्या एका मोबाइल अॅपला दाखवली. पहिल्या छायाचित्राला उत्तर आले फालसा, दुसऱ्याला घोळ नावाचे रानझाड, आणि तिसऱ्याला युरोपातले लिंडन. तीन पाने एकाच फुटव्याची होती. अॅपला फार दोष देण्यात अर्थ नाही, कारण चूक माझी होती. तोडलेल्या बुंध्याच्या फुटव्यांना मुळांतून भरपूर रस मिळतो. त्यामुळे त्यांची पाने वाढलेल्या झाडाच्या पानांहून मोठी येतात, आकाराने वेगळी दिसतात आणि ओळख पटवणाऱ्याला फसवतात. तरीही त्या पानांतल्या दोन गोष्टी मी वहीत टिपून ठेवल्या. पानाचा तळ एका बाजूला अधिक उतरलेला, म्हणजे तिरका होता, आणि देठाशी एकाच जागेवरून पाच शिरा पंजासारख्या निघत होत्या.

काकांनी तीस-चाळीस पावलांवरचे त्याच जातीचे दुसरे झाड दाखवले, ते पंधरा-वीस फूट उंच आणि पूर्ण निष्पर्ण होते. पानगळीचे झाड मार्चमध्ये आणखी काय दाखवणार? दोन महिने थांबावे लागले. तेवढ्या काळात फाळ माझ्या माळ्यावर वाळत होती आणि दर रविवारी मी तिचे वजन करीत होतो. जानेवारीत ४ किलो ९०० ग्रॅम भरलेली फाळ मेच्या मध्यापर्यंत ४ किलोच्या जवळ आली आणि पुढचे तीन रविवार हलली नाही. लाकूड वाळले हे ठरवण्याचा घरगुती पण भरवशाचा उपाय हाच: वजन उतरणे थांबले की त्या हवेपुरते ते वाळले.

मेच्या अखेरीस पुन्हा गेलो तेव्हा झाडावर नवी पालवी होती आणि पानांच्या बगलेत फुलांचे छोटे झुबके. एक झुबका तोडून टेम्पोच्या बोनेटवर ठेवला आणि भिंग लावले. पिवळसर, नखाएवढी फुले. बाहेरची पाच लांबट दले मागे वळलेली, आतल्या पाच पाकळ्या त्यांच्याहून आखूड, आणि मध्यभागी पुंकेसरांचा दाट गुच्छ. कोवळ्या फांदीवरची लव भिंगाखाली एकेका केसाची न दिसता चांदण्यांसारख्या पुंजक्यांची दिसत होती. घोळ इथेच बाद झाली, कारण तिची फुले बारीक हिरवट असतात, त्यांना पाकळ्या नसतात, आणि तिचे लाकूड हलके व मऊ असते. कुदळीला ते कोणी लावणार नाही. त्याच रानात चेर नावाचे याच गोतावळ्यातले एक झाड असते, तेही पिवळे फुलते, पण त्याचे पान कोनाकोनांचे आणि फळ तीन धारांचे, काटेरी लवेचे असते. वारंग हेही याच गोतावळ्यातले झाड, पण त्याचे फूल पांढरे-गुलाबीसर. उरला फालसा, आणि त्याचा निकाल जुलैत लागला. हिरवी फळे धरली तेव्हा ती वाटाण्याएवढी आणि मध्ये खाच पडून दोन गोळ्या जोडल्यासारखी होती. फालशाचे फळ एकसंध गोल असते, आणि फालसा बहुधा झुडूपच राहतो, त्यातून सहा फुटी फाळ निघणे कठीण.

झाड धामणीचे होते. ओळखीच्या एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकांना मी दाबून वाळवलेली डहाळी, फुले आणि फळे दाखवली, आणि त्यांनीही तेच नाव सांगितले. नाही तर डहाळी घेऊन पुण्याला वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रापर्यंत जाण्याची माझी तयारी होती. त्यांनीच सांगितले की धामणीचे शास्त्रीय नाव ग्रेविया टिलिफोलिया आहे, त्यातले टिलिया म्हणजे लिंडन आणि टिलिफोलिया म्हणजे लिंडनसारख्या पानांची; तेव्हा अॅपने तिसऱ्यांदा दिलेले उत्तर निव्वळ मूर्खपणाचे नव्हते. ग्रेविया हे नाव नेहेमाया ग्रू या सतराव्या शतकातल्या इंग्रज अभ्यासकावरून आले आहे, ज्याने वनस्पतींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिले. माझ्या टेबलावर तासून ठेवलेला ठोकळा पाहून त्याला कीव आली असती.

धामण म्हटले की साताऱ्यात प्रथम साप आठवतो, त्यामुळे काकांना हे नाव सांगितल्यावर त्यांनी आधी हसून घेतले. मग म्हणाले, “मग बापू कावडीच्या दांड्याला धामणीचं लाकूड म्हणायचं, ते ह्येच का?” बापू म्हणजे त्यांचे वडील. धामणीची ख्याती खरोखर तीच आहे: कावडीचे दांडे, हत्यारांचे दांडे, धनुष्ये, जिथे लाकडाने वाकावे पण मोडू नये अशा प्रत्येक कामाला हे लाकूड वापरात होते. म्हणजे नाव या दुकानात एका पिढीपूर्वीपर्यंत होते. मधल्या काळात लाकूड टिकले आणि नाव तेवढे गळून गेले.

धनुष्याविषयी थोडक्यात. लांबी ५ फूट ८ इंच, भुजांची रुंदी मध्ये दीड इंच आणि टोकाशी चार सूत. पाठीकडे सालीखालचे पांढरे लाकूड जसेच्या तसे ठेवले, पोटाकडून तासत गेलो आणि दोन्ही भुजा सारख्या वाकेपर्यंत कानशीने उतरवले. या कामाला तीन आठवडे गेले. २६ इंच ओढल्यावर भाचीच्या प्रशिक्षकांच्या काट्याने ओढीचा जोर ३१ पौंड दाखवला. धामण पोटाकडच्या दाबाला मात्र थोडी नमते: दोरी उतरवल्यावरही धनुष्यात इंचभर वाक कायम राहतो. ऑगस्टच्या झडीत त्याचे वजन काही ग्रॅमने वाढले आणि ओढ किंचित ढिली झाली, म्हणून जवसाच्या तेलाचे चार हात दिले आहेत. आतापर्यंत पाचशेच्या आसपास बाण सोडून झाले आहेत आणि पाठीवर एकही तंतू उठलेला नाही. सागाच्या पट्टीने दिलेल्या अनुभवानंतर मला एवढे पुरे आहे.

दुकानाच्या उणिवाही आहेत. फाळींची तोंडे मेणाने किंवा रंगाने बंद केलेली नसतात. लाकूड तोंडाकडून लवकर वाळते आणि तिथे चिरा पडतात. माझ्या फाळीला दोन्ही टोकांना चार-चार इंचांची चीर होती आणि तेवढा भाग वाया गेला. सहा फुटांचे पैसे देऊन वापरण्याजोगी सव्वापाच-साडेपाच फूटच हाती येऊ शकते, हे धरूनच लांबी निवडावी. माझी फाळ सव्वासहा फुटांहून थोडी जास्त निघाली म्हणून निभावले. निरनिराळ्या झाडांच्या फाळी एकत्रच टेकवलेल्या असतात आणि त्यांवर खडूची खूणही नसते, त्यामुळे चिवट म्हणून उचललेली दुसरी फाळ कोणत्या झाडाची हे पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागेल. पावती मागितली तर कागदाच्या चिठोऱ्यावर आकडा लिहून मिळतो. शिवाय पावसाळ्यात नवा माल नसतो, आणि काकांना हे वारंवार विचारलेले आवडत नाही.

तरीही साताऱ्यात, किंबहुना कराड-सांगलीपर्यंतही, ज्याला अखंड रेषेचे फाडलेले लाकूड हवे असेल त्याने आधी येथे यावे असेच मी सांगेन. थंडीत, तोड झाल्यावर लगेच, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत जावे. लांब फाळ ८०० ते १००० रुपयांना पडते. साल आणि शक्य असेल तर डहाळी मागून घ्यावी, बांधाचा पत्ता विचारून वहीत लिहावा, आणि परवानगीचा कागद पाहावा; काका यांपैकी कशालाही नाही म्हणत नाहीत. फाळीच्या तोंडांना लावायचे मेण मात्र घरूनच घेऊन जावे.